‘दिसतच नाही, मग दाखवायचं कशाला?’

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. सात आठवड्यांपूर्वी दाढी करताना उजव्या डोळ्यापुढे एकदम काळोख आला. दुखलं नाही, म्हणून त्यांनी दिवस अंगावर काढला. दुसऱ्या दिवशी कळलं की डोळ्याच्या पडद्याची मुख्य धमनी बंद झाली आहे. नजर परत आली नाही. आता चार दिवस तो डोळा लाल आहे, रात्री भुवईपाशी ठणकतं. मेडिकलमधून थेंब आणलेत. बाबा म्हणतात, ‘त्या डोळ्यानं दिसतच नाही, मग दाखवायचं कशाला?’
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला. इथे लिहिते आहे ते अशाच इतर घरांसाठी.

नजर गेली तरी डोळा जिवंत असतो. रक्ताविना उपाशी राहिलेला पडदा नव्या रक्तवाहिन्यांना बोलावत राहतो. त्या येतात, पण भलत्याच जागी: बाहुलीच्या कडेला, आणि डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं त्या कोपऱ्यात. मोरी तुंबावी तसा निचरा अडतो आणि डोळ्यातला दाब चढतो; हाच काचबिंदू. एरवी १० ते २१ असणारा दाब ५० च्या वर गेलेला मी पाहिला आहे. ते आजोबा उपरण्याचा बोळा डोळ्यावर दाबून, भिंतीला कपाळ टेकून बसले होते. हा काचबिंदू सगळ्यांना होत नाही. ज्यांना होतो त्यांना बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतो, आणि बाबा नेमके त्याच काळात आहेत.

सुरुवातीला बाहुलीच्या कडेला केसाहून बारीक लाल रेषा दिसतात. म्हणून डॉक्टरांना सांगा, बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी तपासा. नंतर त्या रेषा सहज निसटतात. वेळेत सापडलं तर इंजेक्शन, लेझर आणि दाब उतरवणारे थेंब देता येतात. गेलेली नजर त्यानं येत नाही, पण ठणका थांबवता येतो आणि डोळा काढायची वेळ बहुतेकदा टळते. मेडिकलमधले थेंब मात्र आजच बंद करा. त्यात स्टिरॉइड असेल तर दाब आणखी चढू शकतो.

मला जास्त घोर आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. धमनीत अडकलेली गुठळी बहुधा मानेतल्या धमनीतून नाहीतर हृदयातून आलेली असते. पुढची तशीच गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. मानेचा डॉपलर (मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी), ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेत का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. झाले नसतील तर फिजिशियनकडेही लगेच जा.

आणि आज जेवताना बाबांना विचारा: घास चावताना जबडा दुखतो का? केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळते का? ‘हो’ म्हणाले तर सकाळपर्यंत थांबू नका, रुग्णालयात न्या. धमन्यांना सूज येण्याच्या त्या आजारात दुसरा डोळाही थोड्याच दिवसांत जाऊ शकतो, आणि तो औषधानं वाचवता येतो.