खारघरच्या लॅबमध्ये सेल कल्चर (शरीराबाहेर पेशी वाढवणं) सुरू करतेयस, तर आधी हे वाच

स्कॅफोल्ड (पेशींना आधार देणारा सांगाडा), बायोप्रिंटिंग (पेशींची थ्रीडी छपाई) सगळं नंतर. आधी पेशी जिवंत आणि स्वच्छ ठेवायला शीक.

पावसाळ्यात आपल्या नवी मुंबईत हवा इतकी दमट असते की बुरशीला आमंत्रण लागत नाही. इन्क्युबेटरचे ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सगळे बघतात, खालच्या पाण्याच्या ट्रेकडे कुणी बघत नाही. ते पाणी दर आठवड्याला बदल, निर्जंतुक डिस्टिल्डच घाल. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडियम (पेशी वाढवायचा द्रव) गढूळ होत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो. पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) केल्याशिवाय विश्वास ठेवू नकोस. बाहेरून आलेल्या पेशी तोवर वेगळ्याच ठेव, सर कितीही घाई करोत.

पेशी फ्लास्कपासून सोडवायला ट्रिप्सिन हे एन्झाइम घातलंस की जागची हलू नकोस. दोन-तीन मिनिटांत पेशी गोल होतात, फ्लास्कला टिचकी मारली की सुटून तरंगतात. ट्रिप्सिन थांबवायला लगेच सीरमवालं मीडियम घाल.

जाड ऊती बनवायच्या असतील तर रक्तपुरवठ्याचा विचार पहिल्या दिवसापासून कर. रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपलीकडे ऑक्सिजन पोचत नाही. त्वचा पातळ, कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात; म्हणूनच त्या लॅबमध्ये आधी जमल्या.

आणि हो, 'गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊ का?' असं घरचे विचारतीलच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) स्टेम सेलवरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेव. रक्ताच्या आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण मान्य उपचार आहे. गुडघ्यासाठी मान्यताप्राप्त क्लिनिकल चाचणीबाहेर कुणी पैसे मागत असेल तर घरच्यांना स्पष्ट नाही म्हणायला सांग.