रोज चार लिटर पाणी पिऊनही सोलापुरात चेहरा कोरडा का पडतो? रत्नागिरीत तर असं होत नव्हतं. कोणतं क्रीम घेऊ?

तुमच्या चार लिटर पाण्याचा तुमच्या गालांशी जवळजवळ काहीही संबंध नाही. सोलापुरात औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर उन्हाळाभर मी हेच सांगत असते आणि समोरचं माणूस मान हलवून पुन्हा बाटली तोंडाला लावतं. शरीराला पुरेसं पाणी मिळाल्यावर वरचं जास्तीचं लघवीवाटे जातं, ते चेहऱ्याकडे वळत नाही. इथल्या मे महिन्यात पाणी प्यायलाच हवं, पण ते ऊन लागू नये म्हणून.

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत ग्लिसरीन आणि गुलाबपाणी निम्मं-निम्मं लावून चेहरा मऊ राहायचा, फेब्रुवारीत नोकरीसाठी इकडे आलात आणि आता तेच लावून गाल ओढल्यासारखे होतात, नाकाच्या कडेला कोंडा सुटतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन गावांच्या हवेतच आहे.

चेहऱ्याचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, कागदापेक्षा कितीतरी पातळ. पेशी म्हणजे विटा आणि मधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्ध आम्लं, सगळे कातडीतलेच स्निग्ध पदार्थ. या थरात साधारण २० ते ३० टक्के पाणी राहिलं की कातडी मऊ राहते. ते १० टक्क्यांच्या खाली गेलं की थर कडक होतो आणि सालपटं निघतात. खालून वर आणि वरून हवेत पाणी सतत उडत असतं. चुना शाबूत असेल तर हळू उडतं, चुना धुऊन गेला असेल तर भराभर.

ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, आणि जिथे मिळेल तिथून ओढतं. रत्नागिरीच्या हवेत उन्हाळ्यातही आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर असते, म्हणून तिथे ग्लिसरीन हवेतून पाणी घेतं. सोलापुरात मार्च ते मे दुपारची आर्द्रता तिशीच्या खाली जाते. हवेत ओढायला काही नाही, मग घट्ट ग्लिसरीन कातडीच्या खालच्या थरातून पाणी वर आणतं आणि कोरडी हवा ते लगेच पिऊन टाकते. निम्मं-निम्मं म्हणजे ५० टक्के ग्लिसरीन झालं. क्रीममध्ये ते साधारण ५ ते १० टक्के असतं आणि वर तेलाचं किंवा मेणाचं झाकण असतं. तुमच्याकडे झाकणच नाही.

कातडीच्या या वरच्या थरावरूनच आमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या ताईंशी माझा जुना वाद आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडची एक नवरी मुलगी दुकानात आली. लग्न बारा दिवसांवर, गाल लाल, साधं पाणी लावलं तरी आग. "ओ ताई, लई चरचरतंय की ओ, चांगलं भारीतलं मॉइश्चरायझर द्या." काय-काय लावलं ते विचारत गेले. आठवड्यातून दोनदा मुलतानी माती पूर्ण वाळेपर्यंत, मग लिंबू पिळलेलं बेसन घासून, मग वाफ, आणि रोज रात्री कुणीतरी दिलेलं "गोरं करणारं" क्रीम. ट्यूब मागवली तर त्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. अशी क्रीमं वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ मोजक्या आठवड्यांसाठी देतात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नसतात. ती तीन महिने लावत होती. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, कारण स्टेरॉइड सूज दाबतं. मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि क्रीम एक दिवस चुकलं की लाली, आग, पुळ्या. ते थांबवायचं कसं हेसुद्धा डॉक्टरांनीच ठरवायचं, म्हणून तिला काहीही न विकता त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पार्लरवाल्या ताईंचं म्हणणं, मी त्यांचं गिऱ्हाईक तोडलं. त्यांचं एक मात्र खरं आहे, ते क्रीम त्यांनी दिलेलं नव्हतं. पण माती, लिंबू आणि वाफ त्यांचीच होती, आणि मुलीने चेहरा कोरडा वाटतो म्हटल्यावर "पाणी कमी पितेस" हेही त्यांनीच सांगितलं होतं.

मुलतानी माती वाळताना तेल शोषते आणि वाळलेली निघताना वरचा थर घेऊन जाते. फार तेलकट चेहऱ्याला ओली असतानाच, पाच मिनिटांत धुतली तर चालते. कोरड्या चेहऱ्याला इथल्या उन्हाळ्यात अजिबात नको. लिंबाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) २ च्या आसपास, कातडीचा ४.५ ते ५.५. शिवाय लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे उठू शकतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. बेसन भिजवून हलक्या हाताने फिरवलं तर एक वेळ ठीक, कोरडं घासू नका.

आता तुमचं. सोलापुरात वापरायला बऱ्याच घरांत बोअरचं पाणी असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. जड पाण्यात साबणाचा साका होतो, तो चेहऱ्यावर बसतो आणि साबणाचा पीएच ९-१० असल्याने चुनाही सुटतो. म्हणून चेहऱ्याला अंगाचा साबण बंद. साबणरहित क्लिन्झर फक्त संध्याकाळी, हरभऱ्याएवढा, अर्धा मिनिट. सकाळी नुसतं गार पाणी पुरतं. बोअरच्या पाण्याला पर्याय नसेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या.

पुसायची पद्धत बहुतेकांची चुकते. आपल्या गावचा टेरी टॉवेल अंगाला उत्तम आहे, पण त्याचे फासे चेहऱ्यावर रगडू नका. जुनं मऊ सुती कापड फक्त टेकवा, चेहरा ओलसर राहू द्या आणि तीन मिनिटांच्या आत क्रीम लावा. तेवढ्या वेळात वरचं पाणी उडून गेलं की क्रीमला धरून ठेवायला पाणी उरत नाही.

किती लावायचं? तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच रेघा लागतात, म्हणजे सव्वा ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब वीस दिवसांत संपायला हवी. ती तीन महिने पुरत असेल तर क्रीम निकामी नाही, तुम्ही ते लावतच नाही. म्हणून महागडं ५० ग्रॅम जपून वापरण्यापेक्षा स्वस्तातलं २०० ग्रॅम सढळ हाताने वापरलेलं बरं.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, मागची यादी वाचायला सांगेन. यादीत घटक प्रमाणाने उतरत्या क्रमाने असतात. पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन हवं, आणि त्याच्याबरोबर झाकणासाठी पेट्रोलेटम, लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन किंवा शिया बटर यांपैकी काहीतरी. सिरॅमाइड असेल तर उत्तम. सिटाइल किंवा सिटिअरिल अल्कोहोल वाचून घाबरू नका, ते मेणासारखे घट्ट घटक आहेत, कातडी सुकवत नाहीत. सुकवतं ते अल्कोहोल डिनॅट, ते वरच्या ओळीत दिसलं तर ट्यूब परत ठेवा. वास जितका भारी तितकं लांब राहा. खर्च नको असेल तर व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लाइट लिक्विड पॅराफिनचं साधं क्रीम कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं, दिसायला काहीच नाही पण काम चोख.

घरातलं ग्लिसरीन टाकून द्यायची गरज नाही. एक चहाचा चमचा म्हणजे ५ मिली, त्यात ४५ मिली गुलाबपाणी, हे दहा टक्के झालं. ओल्या चेहऱ्यावर लावा आणि लगेच वर क्रीम. मिश्रण फ्रिजमध्ये आठवडाभरच ठेवा.

रात्री गाल फार ओढत असतील तर क्रीमनंतर पेट्रोलियम जेली, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी, तळव्यांवर चोळून फक्त गालांवर दाबायची. पाणी उडणं थांबवण्यात तिच्या तोडीचं स्वस्त काही नाही. दिवसा नको, घाम आणि धूळ चिकटते.

तेलच हवं असेल तर करडईचं घ्या. हा करडईचाच मुलूख आहे, घाण्यावरचं ताजं तेल मिळतं. नेहमीच्या करडईत लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि कातडी त्यापासूनच चुन्याचा एक भाग बनवते. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त, ते तोच चुना सैल करतं, म्हणून बाटली कितीही देखणी असली तरी चेहऱ्याला नको. करडईचं तेल लवकर खवट होतं, तेव्हा १०० मिलीच आणा आणि अंधारात ठेवा. ओल्या चेहऱ्यावर तीन थेंब पुरतात. कपाळावर एकसारख्या बारीक पुळ्या येत असतील तर कुठलंच तेल नको.

दुचाकीवर जाताना स्कार्फ सुती हवा आणि रोज धुतलेला, घामाचं मीठ वाळलेला स्कार्फ दिवसभर गालावर घासतो. सनस्क्रीन एसपीएफ ३०, दोन बोटांवर दोन रेघा भरून, क्रीमनंतर. मॅट दिसणारं जेल कोरड्या चेहऱ्याला आणखी ओढतं, क्रीमसारखं घ्या. कूलरची हवा ओलसर असली तरी झोत थेट तोंडावर घेऊ नका, वाऱ्यानेही पाणी उडतं. ऑफिसात एसी असेल तर दुपारी एकदा चेहरा ओला करून क्रीमचा हलका हात फिरवा. नुसता पाण्याचा फवारा मारलात तर तो उडून जातो आणि चेहरा होता तिथेच राहतो.

पहिले पंधरा दिवस व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, आम्लाची सीरमं आणि स्क्रब सगळं बंद. क्रीम लावल्यावर थोडं चरचरलं तर चुना फुटलेला आहे असं समजा, दोन-चार दिवसांत कमी व्हायला हवं. वाढत गेलं तर ते क्रीम सोसत नाही, बदला. नवं काहीही आधी तीन दिवस कोपराच्या आत लावून पाहा. थर नव्याने बनायला साधारण चार आठवडे लागतात, आठव्या दिवशी ट्यूब बदलू नका.

उजळपणाचं तुम्ही शेवटी विचारलंय. मऊ कातडीवर प्रकाश सारखा पडतो म्हणून ती ताजी दिसते, रंग तोच राहतो. त्यासाठी मी काही सुचवणार नाही.

हे सगळं निरोगी कातडीसाठी. चेहऱ्याबरोबर अंगही कोरडं पडलंय, केस गळताहेत, वजन वाढतंय, थकवा आहे, तर थायरॉइड तपासा. मधुमेह असेल तर साखर बघा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर कोरडेपणा त्यांचाच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि नाकाच्या कडेचा तुमचा कोंडा पिवळसर, तेलकट असेल, भुवयांतही असेल, तर तो कोरडेपणा नसून सेबोऱ्हिक डर्माटायटिस असू शकतो. त्याला औषधी क्रीम लागतं, आणि वर चोपडलेल्या तेलाने तो वाढतो. महिनाभरात फरक नसेल तर सिव्हिलच्या त्वचा विभागात दाखवा, आणि आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून सोबत न्या.