अडतीस सेकंदांचा नापास

‘मॅडम, एवढं मरमर करून टायमिंग सुधारत नसेल, तर धावायचं तरी कशाला?’

मी समुपदेशक आहे. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे बहुतेक चाळिशी ओलांडलेले, नोकरी-संसार सांभाळून पहाटे धावणारे असतात. त्यांच्यापैकी सतीश (नाव बदललं आहे) माझ्या विशेष लक्षात राहिले.

ते बोरिवलीला राहतात आणि राष्ट्रीय उद्यानात सराव करतात. ऑगस्टमध्ये जवळच एक स्थानिक स्पर्धा होती. नावाला मॅरेथॉन, अंतर 10 किलोमीटर. साठ मिनिटांच्या आत यायचं, हे त्यांनी दोन वर्षं मनाशी धरलं होतं. आले 60 मिनिटं 38 सेकंदांत. ग्रुपमधले सगळे नेहमीप्रमाणे उडप्याकडे इडली खायला गेले. सतीश मेडल खिशात घालून परस्पर घरी आले आणि दिवसभर जेवले नाहीत. त्यानंतर झोप उडाली, मुलीवर विनाकारण ओरडणं सुरू झालं. आणि सराव? रोजचं धावणं म्हणजे स्पर्धाच. गुडघा दुखायला लागला तेव्हा पत्नीने त्यांना माझ्याकडे आणलं.

मी आधी त्यांचं घड्याळ बघायला मागितलं. त्यात अंतर 10.2 किलोमीटर भरलं होतं. छोट्या स्पर्धांत मार्ग दरवेळी काटेकोर मोजलेला नसतो, वळणं बाहेरून घेतली की अंतर वाढतं, उंच इमारतींमध्ये घड्याळही थोडं चुकतं. तरी हिशेब मांडला.

‘या वेगाने तुमचे 10 किलोमीटर 59 मिनिटं 27 सेकंदांत झालेत. तेही ऑगस्टमध्ये.’ मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं, त्याच वेगासाठी हृदयाला जास्त राबावं लागतं. हे त्यांनाही ठाऊक होतं.

‘पण सर्टिफिकेटवर तसं नाही ना!’

‘सर्टिफिकेट कुणाला दाखवायचंय?’

ते बराच वेळ गप्प बसले. अशा वेळी बोलायचं नाही, एवढं मी इतक्या वर्षांत शिकले आहे.

‘दहावीला मला 59 टक्के होते,’ ते हळूच म्हणाले. ‘फर्स्ट क्लास एका टक्क्याने गेला. बाबा म्हणाले, तू काठावरच बुडणार.’

‘किती वेळा म्हणाले?’

‘एकदाच.’

‘आणि त्यानंतर तीस वर्षं हे वाक्य कोण म्हणतंय?’

त्यांचे डोळे भरून आले. ‘मीच.’

माझ्या कामातला हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. अनेकांना वाटतं, भूतकाळ उकरून काढला की सुटका होते. माझा अनुभव वेगळा आहे. जुनी जखम कळली तरी माणूस आज स्वतःशी जे बोलतो, ते बदलावं लागतं. सतीश स्वतःला म्हणत होते, ‘साठच्या आत आलंच पाहिजे, नाहीतर मी नापास.’ आम्ही त्यांचं ध्येय तसंच ठेवलं, फक्त त्या ‘च’वर महिनाभर काम केलं. ‘साठच्या आत यायला मला मनापासून आवडेल. नाही आलो तर वाईट वाटेल. पण त्यावरून माझी किंमत ठरत नाही.’ ही वाक्यं नुसती पाठ करून चालत नाहीत, दम लागलेला असताना आठवावी लागतात. म्हणून ती त्यांनी धावतानाच घोटली. आठवड्यातले बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतक्या सावकाश धावायचं, हेही ठरलं. अनुभवी प्रशिक्षक हेच सांगतात, पण ज्याला रोज स्वतःला सिद्ध करायचं असतं त्याला सावकाश धावणं जमत नाही. तुम्हालाही ते जमत नसेल, तर पायांआधी मनातलं वाक्य तपासा.

डिसेंबरात ते पुन्हा 10 किलोमीटर धावले. 60 मिनिटं 9 सेकंद.

‘कसं वाटलं?’ मी विचारलं.

‘वाईट वाटलं,’ ते म्हणाले. ‘उडप्याकडे सगळ्यांना सांगितलंही. मग दुसरी प्लेट मागवली.’