लाजऱ्या माशांना आडोसा द्या, ते आपोआप पुढे येतील

ऐरोलीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: दोन फुटी टँक, चार निऑन टेट्रा (निळ्या-लाल पट्ट्याचे छोटे मासे), दोन कोरी (तळाशी वावरणारे छोटे कॅटफिश), सुरू करून तीन आठवडे. कोणी जवळ गेलं की सगळे फिल्टरच्या मागे जाऊन बसतात. टँकमधलं एकुलतं झाड काढलं तर मासे दिसतील का?

ताई, झाड काढू नका, अजून लावा. पळायची जागा जवळ आहे हे ज्या माशाला माहीत असतं, तोच निवांत पुढे येतो. मोकळ्या टँकमधला मासा दिवसभर धास्तावलेला राहतो आणि मिळेल त्या कोपऱ्यात अंग चोरतो.

पण आधी पाणी तपासा. तीन आठवड्यांत टँकचं सायकलिंग, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजणं, बहुतेक वेळा पूर्ण झालेलं नसतं. मासे पंख अंगाला चिकटवून बसत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर तो लाजरेपणा नव्हे, त्रास आहे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच हवेत. नसतील तर खाणं कमी करा आणि अँटी-क्लोरीन घातलेल्या पाण्याने एक चतुर्थांश पाणी बदलत राहा. सोसायटीत एक दिवस नळाचं आणि दुसऱ्या दिवशी टँकरचं पाणी येत असेल तर जास्त जपा. मोरबे धरणाचं पाणी आणि कुठल्याशा बोअरवेलचं पाणी यांच्या जडपणात, म्हणजे विरघळलेल्या क्षारांत, खूप फरक पडू शकतो, म्हणून टँकरच्या दिवशी पाणी बदलणं टाळा.

पाणी ठीक निघालं की संख्येकडे वळा. माझ्या मते तुमच्या टँकचं खरं दुखणं तेच आहे. निऑन आणि कोरी दोघंही थव्याने राहणारे. थवा मोठा असला की धोक्यावर नजर ठेवायला अनेक डोळे असतात, म्हणून एकेकाची भीती कमी होते. चार निऑन म्हणजे थवा नव्हे. तुमचा टँक २४ बाय १२ बाय १२ इंचांचा असेल तर त्यात साधारण ५५ लिटर पाणी मावतं. त्यात दहा निऑन आणि सहा कोरी बसतात, मात्र फिल्टर चांगला हवा आणि दर आठवड्याला पाणी बदलायला हवं. एकदम आणू नका, टप्प्याटप्प्याने आणा.

आता उजेड. निऑनचे पूर्वज अ‍ॅमेझॉन खोऱ्यात, झाडांच्या सावलीतल्या गडद पाण्यात राहणारे. दुकानातले निऑन जवळजवळ सगळे फार्मवर वाढलेले असले तरी ती सवय त्यांच्या अंगात आहे. पांढरी खडी, पाठीमागे उघडी काच आणि वरून झगझगीत एलईडी, यात ते फिके पडतात आणि बिचकतात. पाठीमागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा, तळाला गडद बारीक वाळू घाला. कोरी मिशांनी तळ चाचपून खातात, त्यांनाही वाळूच बरी. माशांना पापण्या नसतात, म्हणून सकाळी आधी खोलीचा दिवा लावा आणि पंधरा मिनिटांनी टँकचा. रात्री निऑनचा निळा पट्टा फिका दिसतो, त्याची काळजी नको.

आडोशासाठी महागडी सजावट लागत नाही. घरातल्या मनी प्लांटचा वेल मागच्या काठावर असा अडकवा की पानं बाहेर आणि मुळं पाण्यात राहतील. मुळांच्या जाळीत निऑन खूश असतात आणि मुळं पाण्यातलं नायट्रेटही शोषतात. कोरींना उकळून घासलेली नारळाची करवंटी द्या, कडा मात्र गुळगुळीत करून. मुलं ज्याची फळं फोडून खातात त्या बदामाचं गळून पडलेलं, पूर्ण वाळलेलं पान धुऊन टाका. तुमच्या टँकला एक पुरे. पाणी चहासारखं होतं, ते चांगलंच. पान रहदारीच्या रस्त्यावरचं किंवा फवारणी झालेल्या झाडाचं मात्र नको.

टँक दाराजवळ आहे असंही तुम्ही लिहिलंय. माशांना पार्श्वरेखेतून, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदनशील रेषेतून, पाण्यातली हालचाल आणि कंपनं जाणवतात. दार आपटणं, स्पीकर, काचेवर बोटाने टकटक हे सगळं थेट पोचतं. टँक हलवायचा असेल तर मासे बादलीत काढून आणि टँक रिकामा करूनच हलवा, नाहीतर काचेचे सांधे उघडतील. विसर्जनाच्या ढोल-ताशात किंवा दिवाळीच्या फटाक्यांत तीन बाजूंनी कापड लावून दिवा बंद ठेवते मी, आणि मासे खरंच शांत राहतात.

जाळीने पाठलाग तर अजिबात नको. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये दाखवून दिलं की जखमी मिनो या छोट्या माशाच्या त्वचेतून एक द्रव्य पाण्यात पसरतं आणि बाकीचे मासे घाबरून पळतात. टेट्रा आणि कोरी मिनोच्याच मोठ्या गटातले. म्हणजे एकाला खरचटलं तरी सगळा टँक लपतो.

खाणं रोज त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात, चिमूटभर द्या आणि हात काढून शांत बसा. तुमची चाहूल आणि खाणं यांची सांगड त्यांना लवकर कळते. कोरी मधेच सुसाट वर येऊन हवा घेते, ते तिचं नेहमीचंच. सतत व्हायला लागलं तर पुन्हा पाणी तपासा. आणि थवा रुळल्यावरही एखादाच निऑन वेगळा पडून राहिला, खाईना, तर त्याला दुसऱ्या भांड्यात वेगळा ठेवा. तो बहुधा आजारी आहे.