हरकत लिहिण्याआधी दोन्ही शून्यं जुळवून घ्या

‘भरती ४.६ मीटर, आमचा रस्ता ३.२ मीटर, मग पूर आराखड्यात आमचा भाग सुरक्षित कसा?’ हा तुमचा प्रश्न मी सहा वर्षांपूर्वी याच आवेशात हरकतीत लिहिला होता. उत्तर आलं: ‘पातळ्यांचा आधार वेगळा, हरकत अमान्य.’

चूक माझीच होती. भरतीचं कोष्टक जहाजांसाठी असतं, त्यातला शून्य जवळपास सगळ्यात खोल ओहोटीला धरतात. जमिनीची पातळी मात्र सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. आमच्याकडे दोहोंत अडीच मीटरचा फरक निघाला. म्हणजे ४.६ ची भरती जमिनीच्या मापात २.१ आणि रस्ता कोरडा! हा फरक सांगायलाच एका कार्यालयाने (नाव घेत नाही) अकरा महिने घेतले. या खिडकीवर ‘नकाशे विभागात जा’, तिथे ‘बंदरवाल्यांना विचारा’. तोवर आराखडा मंजूरही झाला.

पाणी तर गुडघाभर साचत होतंच. ते पावसाचं होतं. पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या पर्जन्यवाहिनीचं तोंड जमिनीच्या मापात १.४ मीटरवर, भरती त्याच्या वर चढली की समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून तोंडाशी बसवलेली झडप मिटते आणि पाऊस आतच अडकतो. आमची झडप तर मिटायचीही नाही, फटीत ओंडका अडकलेला. समुद्राचं पाणी आधीच पाइप भरून टाकायचं.

त्यामुळे रस्त्याची पातळी सोडा. वाहिनीच्या तोंडाची तळपातळी मागा, झडपेची देखभाल कोणाकडे ते विचारा, आणि हिशेबात भरती कुठल्या सालची धरली तेही. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) २०२१ च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ मध्ये जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंमी वाढली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यानेही झडप दर भरतीला जास्त वेळ मिटून राहते.

समुद्र अडवायला भिंतीची मागणी करू नका. मी इंजिनिअर नाही, हे माझं मत. पण पंपाशिवाय भिंत म्हणजे पाऊस साठवायची टाकी. उद्घाटनाला भिंत छान दिसते, झडपेची फीत कोण कापणार?

जाता जाता: ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांत ती साधारण २६ टक्के होते. गृहकर्ज घेताना आठवा.

आणि साचलेल्या पाण्याच्या प्रत्येक फोटोखाली भरती-ओहोटीची वेळ लिहा. पाऊस थांबून पूर्ण ओहोटी लागल्यावरही पाणी उतरत नसेल, तर पाइपच तुंबलाय. मग भरतीचं सगळं बाजूला ठेवून आधी सफाईची तक्रार करा.