एफडी मोडू नका, आधी बटण सेल बदला

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताई घरी बसून दोन दुकानांचे हिशेब लिहितात, जीएसटीची रिटर्न भरतात. महिन्याला नऊ हजार मिळतात. २०१७ साली घेतलेला त्यांचा डेस्कटॉप आता सुरू होताना काळ्या पडद्यावर अडतो, एफ-१ दाबलं की पुढे सरकतो, आणि विंडोज यायला पाच-सात मिनिटं लागतात. ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून जीएसटी पोर्टल उघडू देत नाही. कोपऱ्यात तारीख २०१७ ची दिसते. दुकानदाराने सांगितलं, "मदरबोर्ड गया, नया ही ले लो." ५८,००० चा लॅपटॉप एक लाखाची एफडी मोडून घ्यावा, की 'नो-कॉस्ट' ईएमआयवर, असं त्या विचारतात.

ताई, तूर्त दोन्ही नको. बिघाड कुठे आहे ते तुम्ही लिहिलेल्या तारखेतच दिसतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल संपला की तारीख मागे जाते आणि मशीन एफ-१ मागतं. प्रत्येक वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. तुमच्या मशीनच्या लेखी अजून २०१७ चालू आहे, म्हणून आजची प्रमाणपत्रं त्याला वैध वाटत नाहीत आणि ब्राउझर दार लावून घेतो. तारीख-वेळ हाताने नीट करा. पोर्टल लगेच उघडायला हवं. रात्री भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद ठेवा. सकाळी तारीख पुन्हा मागे गेली, तर सेलच संपलाय असं समजा. पन्नासएक रुपयांचं काम आहे.

संथपणाचं कारण बहुधा जुनी हार्ड डिस्क. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतले नको ते प्रोग्रॅम बंद करा. तरी फरक पडला नाही तर एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क बसवा, पण टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममधला डेटा आधी पेन ड्राइव्हवर घ्या. हे विसरू नका, तुमची कमाई त्यात आहे. आणि स्क्रीनवर कधी 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' असं आलं, तर फोन करायचा नाही, कुणाला मशीनचा ताबा द्यायचा नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

आता एफडी. तुमची पावती तीन वर्षांची, ७ टक्क्यांची, आणि दोन वर्षं झालेली. मुदतीआधी मोडली तर बँक दोन वर्षांचा दर धरते. तो ६.८ असेल आणि एक टक्का दंड कापला, तर हाती ५.८ टक्क्यांनी व्याज येईल. म्हणजे साधारण २,७०० रुपये गेले. ईएमआयवर प्रोसेसिंग फी लागते, व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि रोखीची सूट बहुतेक वेळा मिळत नाही. ५८,००० म्हणजे तुमची साडेसहा महिन्यांची कमाई, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

तरीही हे मशीन फार वर्षं ओढू नका. त्यातला सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवड मिळते. गिऱ्हाइकांचे पासवर्ड तुमच्याकडे असतात, म्हणून ही नोंदणी आजच करा आणि महिना ३,००० ची आरडी सुरू करा. वेळ येईल तेव्हा इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत नुसत्या सीपीयूचा, म्हणजे डब्याचा भाव विचारा. मॉनिटर आणि कीबोर्ड चालू आहेत, तर त्यांचे पैसे पुन्हा का द्यायचे?

सेल आणि डिस्क बदलूनही मशीन अडलं, तर मात्र थांबू नका. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील भरायचा असतो आणि तो चुकला तर गिऱ्हाईक जाईल. अशा वेळी एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. दर सहसा एफडीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो, आणि आरडीच्या पैशांतून ते फेडता येईल.