शॉकमधील रुग्णाचे मूल्यमापन नर्सने कसे करावे आणि शॉकच्या प्रकारानुसार उपचार कसे बदलतात?

आपण नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहात, शॉकचे प्रकार पाठ आहेत, परंतु प्रत्यक्ष रुग्णापाशी गेल्यावर आधी काय पाहावे हे सुचत नाही, असे आपण लिहिले आहे. त्यापुढे आपण विचारले आहे की, निदान डॉक्टरांनीच करायचे असेल तर नर्सने रक्तदाब नोंदवून कळवणे पुरेसे नाही का. पुरेसे नाही, आणि हे मी जरा ठासून सांगते, कारण हाच वाद मी माझ्या नोकरीत घातलेला आहे.

शॉक म्हणजे शरीराच्या अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचणे, आणि रक्तदाब हा त्यात सर्वांत उशिरा तोंड उघडणारा साक्षीदार आहे. रक्त कमी होऊ लागले की शरीर नाडी वाढवते, त्वचा, आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडील रक्तवाहिन्या आवळते आणि हृदय व मेंदू यांचा पुरवठा राखते. त्यामुळे प्रौढ रुग्णाचे 30 टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत वरचा आकडा जागेवर राहू शकतो. आकडा पडला की मग धावपळ करायची, असे ज्याला वाटते त्याने शॉक वेळेत ओळखलेलाच नाही.

पोटाची शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण माझ्या रात्रपाळीत होता. संध्याकाळी रक्तदाब 126/78 आणि नाडी 84. रात्री तो पुन्हा पुन्हा पाणी मागू लागला, ऑक्सिजनचा मास्क ओढून काढू लागला आणि नातेवाइकांवर विनाकारण चिडू लागला. रक्तदाब 118/92, नाडी 108. निवासी डॉक्टरांना फोन केला, तर रक्तदाब नॉर्मल आहे, दुखत असेल, वेदनाशामक द्या, असे उत्तर मिळाले. ड्रेनच्या, म्हणजे पोटात साचणारे रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटलीत जेमतेम काही होते, त्यामुळे त्यांना रक्तस्रावाची शंका आली नाही. परंतु ड्रेन कोरडा म्हणजे पोट कोरडे असे नव्हे. नळीत गुठळी अडकली की बाटली रिकामीच राहते. मी पांघरूण काढून पायांना हात लावला. पावले थंड होतीच, गारठा गुडघ्यापर्यंत चढला होता आणि गुडघ्याच्या वाटीवर जांभळट जाळी दिसत होती. नख दाबून सोडल्यावर रंग परतायला चार सेकंदांहून अधिक वेळ लागत होता. साठ किलोच्या माणसाला ताशी किमान 30 मिलिलिटर लघवी व्हायला हवी. युरोबॅगमध्ये गेल्या तासाभरात त्याच्या निम्मीही जमली नव्हती. श्वास पूर्ण मिनिट मोजले, 28 भरले.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा रक्तदाब 110/92 आणि नाडी 116 होती. "सिस्टर, तुम्ही आकडे सांगा, अर्थ मी लावतो," असे ऐकावे लागले. मी म्हणाले, "वरच्या आणि खालच्या दाबातील अंतर 48 वरून 18 वर आले आहे, नाडी भागिले वरचा दाब एकच्या वर गेले आहे, लघवी थांबत आली आहे, आपण आत्ता यावे." ते आले, त्यांनी पायांना हात लावला आणि तिथूनच सर्जनना फोन केला. रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेईपर्यंत वरचा दाब 78 झाला होता. आत एक रक्तवाहिनी वाहत होती, ती बांधली. रुग्ण वाचला. नंतरच्या बैठकीत एका वरिष्ठांनी मात्र, फोन योग्य होता परंतु नर्सची भाषा अधिकाराबाहेरची होती, असा शेरा मारला. त्या शेऱ्याचे उत्तर मी आजही देत असते.

आता आपला मूळ प्रश्न. त्वचा आणि मानेच्या शिरा या दोन गोष्टी पाहिल्या तरी प्रकाराचा अर्धा उलगडा होतो. त्वचा थंड आणि शिरा रिकाम्या असतील तर रक्त किंवा द्रव कमी पडले आहे: जाड सुया, सलाईन, रक्त, आणि मुख्य म्हणजे स्राव थांबवणे. त्वचा थंड परंतु शिरा फुगलेल्या असतील तर हृदय कमी पडत आहे किंवा त्याची वाट अडली आहे. हृदयविकाराच्या शॉकमध्ये फुप्फुसांत पाणी भरलेले असताना सलाईन धो धो सोडणे घातक ठरते. तिथे हृदयाचे आकुंचन सुधारणारी औषधे आणि बंद धमनी उघडणे महत्त्वाचे. वाट अडल्याचे एक उदाहरण: छातीच्या एका बाजूला श्वासाचा आवाज नाही आणि रुग्ण कोसळतो आहे, अशा वेळी छातीत अडकलेली हवा सुईने काढायची असते, एक्स-रेची वाट पाहायची नसते.

जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये सुरुवातीला त्वचा उबदार असू शकते आणि म्हणूनच तो निसटतो. रक्ताचे कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) घेऊन तासाभरात प्रतिजैविक, पहिल्या तीन तासांत किलोमागे सुमारे 30 मिलिलिटर द्रव, आणि सरासरी धमनीदाब 65 राखण्यासाठी नॉरॲड्रिनॅलिन हे रक्तवाहिन्या आवळणारे औषध. ते हाताच्या शिरेतून चालू असेल तर सुईची जागा वारंवार पाहा, कारण औषध बाहेर झिरपले तर तिथली त्वचा मरते. पाठीच्या कण्याला वर इजा झालेल्या रुग्णात दाब कमी असूनही नाडी मंद आणि त्वचा कोरडी, उबदार असते. तीव्र ॲलर्जीच्या शॉकमध्ये मात्र वाद नकोच: प्रौढाला 0.5 मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन मांडीच्या बाहेरील स्नायूत, गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवे ठेवा, एकदम उभे करू नका. आधी स्टिरॉइड आणि ॲव्हिल हे ॲलर्जीविरोधी औषध देऊन वाट पाहणे ही जुनी आणि वाईट सवय आहे.

तितकीच वाईट सवय म्हणजे चार्टवर प्रत्येक रुग्णापुढे श्वसनगती 20 लिहून टाकणे. रुग्ण बिघडत असताना बहुधा हाच आकडा आधी बदलतो, आणि वॉर्डात सर्वांत जास्त खोटा लिहिला जाणारा आकडाही हाच.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी करणारे औषध, घेणाऱ्या रुग्णाची नाडी वाढेलच असे नाही. जुना उच्च रक्तदाब असणाऱ्याला 110 हा आकडासुद्धा कमी असतो. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया दाब बराच वेळ टिकवून धरतात आणि मग अचानक कोसळतात, म्हणून या लेखातील आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नका. औषधांच्या मात्रा आपल्या विभागाच्या लेखी आदेशांनुसारच द्याव्यात.

राहिला अधिकाराचा प्रश्न. फोनवर सुटा आकडा कधीही सांगू नका. आधीचा आकडा, आताचा आकडा, त्वचा, लघवी, शुद्ध आणि आपल्याला वाटणारी शंका हे एका दमात सांगा आणि "आपण यावे" हे शब्द स्पष्ट उच्चारा. फोनची वेळ आणि मिळालेले उत्तर नोंदीत लिहा. समाधान झाले नाही, तर त्यांच्या वरच्या डॉक्टरांना फोन करा. कोणी भाषेवर आक्षेप घेतलाच, तर त्यांच्यापुढे तो चार्ट ठेवा.